शिडाच्या बोटीचा कील आणि धुळ्याचे वर्कशॉप

समुद्रापासून सुमारे दोनशे किलोमीटर दूर, अवधानच्या औद्योगिक वसाहतीत लेथ चालवणाऱ्या माणसाने शिडाच्या बोटीविषयी लिहावे, हे वाचकांना विचित्र वाटेल. आमची पांझरा एप्रिलमध्ये इतकी आटते की तिच्यात होडी सोडाच, म्हैससुद्धा नीट डुंबू शकत नाही. तरीही या उन्हाळ्यात अकराशे किलो वजनाचा एक बिडाचा कील, म्हणजे बोटीच्या तळाला बसवायचा जड भाग, पिकअपमध्ये बसून मुंबई–आग्रा महामार्गाने माझ्या शेडमध्ये आला. त्याला बोटीशी जोडणाऱ्या सांध्याचे काम करताना जे पाहिले, मोजले आणि ठरवले, ते येथे मांडत आहे. जुनी बोट विकत घेणाऱ्या मराठी माणसांची संख्या हल्ली मुंबई, अलिबाग, रत्नागिरीकडे वाढते आहे आणि त्यांच्यापैकी कोणाला तरी याचा उपयोग होईल.

बोट माझ्या आतेभावाची आहे. ती १९८०च्या दशकात इंग्लंडमध्ये बांधलेली, २६ फुटी, फायबरग्लासची, अनेक मालकांच्या हातून फिरून त्याच्याकडे आलेली. मार्चअखेर ती यार्डात पाण्याबाहेर काढली, तेव्हा कीलच्या पुढच्या टोकाशी, बोटीचा तळ आणि कील जिथे मिळतात तिथे, एक बारीक भेग दिसली आणि तिच्यातून तांबूस पाणी ठिबकत होते. त्याने फोटो पाठवून विचारले, ‘दादा, ही कशाने बुजवू?’ मी त्याला उलट कळवले की भेग बुजवू नकोस, आधी नट सोडवून बघ. या एका उत्तरात माझे सगळे म्हणणे आले, परंतु त्यामागची कारणे सविस्तर सांगितल्याशिवाय ते कोणाला पटणार नाही.

ज्यांनी अशी बोट कधी पाण्याबाहेर पाहिलेली नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. शिडाच्या बोटीच्या तळाला मध्यभागी खाली उतरणारा जो जड, पंखासारखा भाग असतो तो कील. वारा बोटीला आडवा ढकलतो तेव्हा कील तिला बाजूला घसरू देत नाही, आणि शिडामुळे बोट कलली की त्याचे वजन तिला पुन्हा सरळ करते. आतेभावाच्या बोटीचे एकूण वजन सुमारे २६०० किलो आहे. म्हणजे चाळीस टक्क्यांहून जास्त वजन केवळ कीलचे. काही बोटींत हे वजन फायबरग्लासच्या पोटातच कोंडलेले असते. या बोटीत मात्र कील स्वतंत्र ओतलेला असून बिडात आटे पाडून बसवलेल्या आठ स्टडांनी, म्हणजे दोन्ही टोकांना आटे असलेल्या दांड्यांनी, तो तळाशी कसलेला आहे. स्टडांची वरची टोके बोटीच्या आत, बिल्जमध्ये, म्हणजे तळाच्या सर्वांत खालच्या पोकळीत, नट आणि वॉशरसह दिसतात; खालची टोके बिडात असतात. मधला बोटभर भाग, जो सांध्यातून जातो, तो कोणालाच दिसत नाही.

या सांध्यावर किती ताण येतो याचा अंदाज बहुतेक मालकांना नसतो. कील सरळ लटकत असताना आठ स्टडांनी अकराशे किलो पेलायचे, इतकेच गणित ते करतात. बोट पूर्ण आडवी झाली तर कीलचा गुरुत्वमध्य सांध्यापासून सुमारे अर्धा मीटर बाजूला जातो आणि स्टड मात्र सांध्याच्या दाबल्या जाणाऱ्या कडेपासून जेमतेम १२ सेंटिमीटरवर असतात. अकराशेला ०.५ ने गुणा आणि ०.१२ ने भागा: साडेचार टनांहून अधिक ओढ स्टडांवर येते. नेहमीच्या ३० अंशांच्या कलण्यातही ती सव्वादोन टनांच्या पुढे जाते, आणि बोट एका बाजूला कलून पुन्हा दुसऱ्या बाजूला कलते तेव्हा प्रत्येक वेळी ओढीची बाजू पालटते.

तरीही हा आकडा घाबरून जाण्यासारखा नाही. २० मि.मी. व्यासाच्या एका चांगल्या स्टडला, आट्यांचा ताणक्षेत्रफळ २४५ चौ.मि.मी. धरला, तर ४५० मेगापास्कल ताणाला तो कायमचा लांबू लागतो. म्हणजे एकटा स्टड अकरा टनांपर्यंत सोसतो. आठ स्टडांचा हिशेब केला तर स्थिर भाराच्या कित्येक पट ताकद शिल्लक आहे. मग कील तुटून पडतात कसे? दोन गोष्टींनी. एक, स्टडची न दिसणारी जागा गंजाने बारीक होते. दोन, कसणे सैल पडते आणि लाटेगणिक कमी-जास्त होणारा भार थेट स्टडवर येऊन धातू थकतो.

पहिल्या गोष्टीविषयी लोकांचा मोठा गैरसमज आहे तो स्टेनलेस स्टीलच्या बाबतीत. बिल्जमधला नट चकचकीत आहे, म्हणजे खालचे सगळे ठीक आहे, असे ते समजतात. स्टेनलेस गंजत नाही ते त्याच्या पृष्ठावरच्या क्रोमियम ऑक्साइडच्या अत्यंत पातळ थरामुळे, आणि तो थर ओरखडला तर पुन्हा तयार होण्यासाठी ऑक्सिजन लागतो. सांध्याच्या फटीत शिरलेले खारे पाणी साचून राहते, त्यातला ऑक्सिजन संपतो, क्लोराइड वाढते, पाणी आम्लधर्मी होते आणि थर तिथल्या तिथे फुटतो. उघड्या हवेत वर्षानुवर्षे टिकणारा ३१६ ग्रेडचा स्टड अशा फटीत कमरेतून खाल्ला जातो. आपल्या किनाऱ्यावरचे समुद्राचे पाणी वर्षभर उबदार असते आणि उबेने ही क्रिया आणखी वेगाने चालते. म्हणूनच युरोपातल्या थंड पाण्यासाठी लिहिलेला ‘अमुक वर्षांनी तपासा’ असा सल्ला इकडे जसाच्या तसा लागू करू नये.

कील उतरवल्यावर आठांपैकी पुढचे दोन स्टड नेमके असेच निघाले. वर चकचकीत, खाली बिडातले आटे जवळपास नव्यासारखे, आणि मध्ये सांध्याच्या पातळीवर २० मि.मी.चा व्यास उरला होता १४ मि.मी. व्यास सातदशांश झाला की क्षेत्रफळ निम्मे होते. म्हणजे त्या स्टडची निम्मी ताकद गेलेली होती. शिवाय खाल्लेल्या जागेची खोबणी ही धातू थकून तडा जाण्याची आयती सुरुवात असते. बाहेरून यातले काहीही कळण्याजोगे नव्हते. कळत होते ते फक्त त्या तांबूस ठिबकण्यावरून.

दुसरी गोष्ट, म्हणजे कसण्याचा ताण, मला बोटींनी शिकवली नाही. साक्री तालुक्यातल्या ब्राह्मणवेलच्या पवनचक्क्यांनी शिकवली. तिथल्या मनोऱ्याचे तुकडे एकमेकांवर चढवून फ्लँजला, म्हणजे टोकाच्या पसरट कड्यांना, जाड बोल्टांनी जोडलेले असतात आणि वारा त्या फ्लँजला रात्रंदिवस इकडून तिकडे वाकवत असतो. तिथे बोल्ट जाड ठेवण्यापेक्षा तो किती ताणून बसवला आहे यालाच महत्त्व असते. फ्लँजचे दोन्ही चेहरे, म्हणजे टेकणारे सपाट पृष्ठभाग, एकमेकांवर पुरेसे दाबलेले असतील, तर वाऱ्याचा बदलता भार चेहऱ्यांमधल्या दाबात कमी-जास्त होतो आणि बोल्टपर्यंत त्याचा थोडाच अंश पोहोचतो. चेहरे एकदा उघडले की सगळा बदल बोल्टच्या वाट्याला येतो आणि तो काही काळाने तुटतो, मग त्याचे पोलाद कितीही उत्तम असो. कीलचा सांधा असाच आहे, फरक इतकाच की इथे एक चेहरा फायबरग्लासचा आहे आणि फायबरग्लास सततच्या दाबाखाली हळूहळू बसतो. म्हणून कसलेला नट कसलेलाच राहील असे गृहीत धरता येत नाही.

आता भेगेकडे परत येऊ. पुढच्या टोकाची भेग म्हणजे नेहमीच संकट असते असे नाही. कित्येक जुन्या बोटींत वरचा रंग आणि पुटी कडक, तर आतला सीलंट, म्हणजे सांधा बुजवणारा लेप, लवचिक असल्यामुळे केसाएवढी रेघ दरवर्षी उमटते. रेघ निरुपद्रवी आहे की नाही, हे ओळखण्याची साधी परीक्षा क्रेनच्या पट्ट्यांवर बोट लटकत असतानाच करता येते. बोट हवेत असताना कील खाली ओढला जातो. तेव्हा भेग किती रुंद आहे ते फीलर गेजने, म्हणजे फट मोजण्याच्या पातळ पात्यांनी, मोजावे. मग बोट हळूच टेकवावी, म्हणजे तिचे वजन कीलवर येते. तेव्हा पुन्हा मोजावे. दोन्ही मापे सारखी आली तर दोष बहुधा वरवरचा असतो. फट उघडते-मिटते असेल, किंवा टेकवताना तिच्यातून पाणी पिळून बाहेर येत असेल, तर सांधा हलतो आहे. लटकत्या कीलचे खालचे टोक दोन्ही हातांनी बाजूला ढकलून पाहावे आणि त्याच वेळी आत एकाने बिल्जमधल्या नटांवर बोट ठेवून बसावे. ही परीक्षा फुकट आहे आणि यार्डातल्या घाईत नेमकी तीच राहून जाते. आतेभावाच्या बोटीत फट अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जास्त उघडत होती. मग पुढचा वाद संपला.

नट सोडवण्याआधी बोटीच्या आतला तळ नीट पाहणे मी सर्वांत महत्त्वाचे मानतो, आणि हे काम माझे नाही, बोटी तपासणाऱ्या जाणकार सर्व्हेअरचे आहे. बोट खडकावर किंवा वाळूवर चालताना आपटली की कीलचे खालचे टोक मागे राहते आणि बोट पुढे जाऊ पाहते. त्यामुळे सांध्याचे पुढचे टोक उघडते, हे सर्वांना दिसते. त्याच वेळी कीलची मागची कड तळात वर घुसते, आणि ते आत फळ्यांखाली झाकलेले राहते. तिथल्या आडव्या फासळ्या तळापासून सुटल्या आहेत का, त्यांच्या मुळाशी पांढरट रेघा आहेत का, प्लॅस्टिकच्या हातोडीने ठोकल्यावर आवाज बद्द येतो का, हे पाहावे लागते. मे २०१४ मध्ये ‘चीकी राफिकी’ नावाची चाळीस फुटी बोट अँटिग्वाहून इंग्लंडला परतताना अटलांटिकमध्ये उलटली. तिचे चारही खलाशी गेले आणि नंतर सापडलेल्या उलट्या बोटीला कील नव्हता. ब्रिटनच्या सागरी अपघात तपास शाखेने २०१५च्या अहवालात ज्या शक्यता मांडल्या, त्यांत पूर्वी तळ आपटल्याने आणि झालेल्या दुरुस्त्यांमुळे तळाचा आणि आतल्या सांगाड्याचा चिकटबंध कमजोर झाला असावा, ही प्रमुख होती. आठही स्टड नवे घातले आणि ज्यात ते कसले तो तळच सुटलेला असला, तर सगळे काम पाण्यात जाते, अगदी शब्दशः. काही जुन्या बोटींच्या तळाच्या जाडीत प्लायवूड घातलेले असते. ते कुजले की नट दरवर्षी थोडा कसला जातो, मालकाला बरे वाटते आणि प्रत्यक्षात मऊ लाकूड चिरडत असते. नट दरवर्षी फिरत असेल तर कसणे थांबवून तळाला एक छोटे भोक पाडून आत काय आहे ते बघावे.

या बोटीचा तळ सर्व्हेअरला निर्दोष आढळला, म्हणून काम कील आणि स्टडांपुरते राहिले. कील उतरवताना तो लाकडी पाळण्यात आधी आवळून घेतला, नट सोडवले, जुना सीलंट पातळ करवतीने कापला आणि क्रेनने बोट इंचाइंचाने वर घेतली. बोट उचलायची, कील खाली ठेवायचा. उलटे करू जाणारे लोक जखमी होतात.

कील धुळ्याला आणण्यामागे नात्यापेक्षा हवेचे कारण मोठे होते. बिडावरचा गंज सँडब्लास्टिंगने पांढऱ्या धातूपर्यंत काढला की तो उघडा पृष्ठभाग काही तासांत पुन्हा तांबूस होऊ लागतो, आणि खाऱ्या दमट हवेत तर त्याहून लवकर. इपॉक्सी प्रायमर लावताना धातूचे तापमान दवबिंदूपेक्षा निदान ३ अंशांनी जास्त असावे लागते. किनाऱ्यावर पहाटे ही अट पाळणे अवघड, खानदेशच्या एप्रिलमध्ये ती मोडणेच अवघड. ब्लास्टिंगच्या आधी कील गोड्या पाण्याच्या दाबाने धुऊन मीठ काढले, कारण छिद्रांत राहिलेले मीठ रंगाखाली फोड आणते. आमच्याकडच्या उन्हाचा एक त्रास मात्र झाला: तापमान १० अंशांनी वाढले की मिसळलेले इपॉक्सी वापरण्याचा वेळ साधारण निम्मा होतो. म्हणून कील सावलीत ठेवून, छोट्या छोट्या मापांत मिसळून, सकाळी लवकर काम उरकावे लागले. शेजारच्या शेडमधले आप्पा रोज येऊन ‘ही कोणत्या गिरणीची वस्तू?’ म्हणून विचारत आणि उत्तर ऐकून रोज तितकेच हसत.

जुने स्टड बिडातून काढणे हा खरा वेळखाऊ भाग. पान्याला पाइप लावून जोर केला की १४ मि.मी. उरलेला स्टड मानेतच तुटतो. त्यापेक्षा बाहेरच्या तुकड्यावर नट वेल्ड करावा, त्या उष्णतेने आटे सुटू द्यावेत, गरम असतानाच मागे-पुढे हलवत काढावा. बीड ठिसूळ असल्यामुळे ठोकाठोक टाळावी. जिथे स्टड निघाला नाही तिथे मध्यावर पंच मारून तो ड्रिलने पोखरून काढला आणि मूळ आट्यांतून आटे पाडणारा टॅप पुन्हा फिरवला. बिडात आट्यांची पकड व्यासाच्या निदान दीडपट असावी. आम्हाला दुप्पट, म्हणजे ४० मि.मी. मिळाली.

नव्या स्टडांसाठी धातू कोणता, यावर आतेभावाशी बराच फोन झाला. त्याला पुन्हा ३१६च हवे होते. काही जुने बोटबांधणीकार जाड जस्त चढवलेले साधे पोलाद पसंत करतात, कारण ते गंजते तेव्हा उघडपणे गंजते, आणि हा मुद्दा मला मान्य आहे. शेवटी आम्ही २२०५ ग्रेडचे डुप्लेक्स स्टेनलेस घेतले. फटीतल्या गंजाला ते ३१६पेक्षा बरेच चिवट आहे आणि त्याची ताण सोसण्याची किमान मर्यादा ४५० मेगापास्कलच्या आसपास आहे. सळी घेताना कारखान्याचे परीक्षण-प्रमाणपत्र मागितले, कारण बाजारात ‘डुप्लेक्स’ म्हणून काहीही मिळते. आटे लेथवर कापण्याऐवजी दाबून पाडून घेतले. कापलेल्या आट्याच्या तळाशी जी तीक्ष्ण कड राहते, तिथून थकव्याचा तडा सुरू होतो. डुप्लेक्सही या गंजापासून पूर्ण मुक्त नाही, त्यामुळे पाणी आत येऊ न देण्याची जबाबदारी संपत नाही.

कील परत यार्डात गेल्यावर मी दोन गोष्टींवर अडून बसलो. पहिली, कील आणि तळ यांचे चेहरे एकमेकांना पूर्ण टेकले पाहिजेत. चार ठिकाणी टेकलेला आणि मधल्या पोकळ्या सीलंटने भरलेला सांधा कसता येतो, पण सीलंट पुढे बसला की ताण निघून जातो. त्यासाठी कीलच्या वरच्या चेहऱ्यावर प्लॅस्टिकचा कागद ताणून बसवला, तळावर घट्ट इपॉक्सी लावले आणि बोट त्यावर केवळ स्वतःच्या वजनाने टेकवून ते वाळू दिले. दुसऱ्या दिवशी बोट उचलली तेव्हा तळाला कीलचा हुबेहूब ठसा मिळाला होता. त्यानंतर पॉलियुरेथेन सीलंट पूर्ण चेहऱ्यावर आणि प्रत्येक स्टडभोवती कडे करून लावला. ज्यांना पुढे कील पुन्हा उतरवायचा आहे त्यांनी पॉलिसल्फाइड वापरावा, कारण पक्का पॉलियुरेथेन सोडवताना फायबरग्लासचे पापुद्रे निघतात. पॉलियुरेथेन हवेतल्या ओलाव्याने घट्ट होतो, त्यामुळे हा भाग किनाऱ्याच्या हवेतच चांगला झाला; धुळ्यात तो रेंगाळला असता.

दुसरी गोष्ट वॉशरची. २० मि.मी. बोल्टचा नेहमीचा वॉशर ३७ मि.मी. व्यासाचा असतो. नट पाच टनांनी कसला तर त्याच्याखाली फायबरग्लासवर सुमारे ७० मेगापास्कल दाब येतो, आणि ते त्याला वर्षानुवर्षे सोसवत नाही. त्याऐवजी १०० मि.मी. चौरस, १० मि.मी. जाडीच्या पट्ट्या घातल्या की हाच दाब पाचच्या आसपास उतरतो. जुन्या बोटीत हे लहान वॉशर दिसले, तर बाकी काही न करताही ते बदलावेत, असे माझे मत आहे.

कसण्याचा आकडा बोटीच्या निर्मात्याने दिला असेल तर तोच धरावा. आम्हाला तो मिळाला नाही, म्हणून प्रत्येक स्टडवर पाच टनांचा, म्हणजे सुमारे ५० किलोन्यूटनचा ताण ठरवला. स्टडच्या मर्यादेच्या तो निम्म्याहून कमी आहे. कोरड्या आट्यांवर त्यासाठी सुमारे २०० न्यूटन-मीटर लागतात, तर वंगण लावलेल्या आट्यांवर १५०. हा फरक विसरून वंगण लावलेल्या नटावर २००चा आकडा वापरला तर ताण एक तृतीयांशाने जास्त चढतो. स्टेनलेसवर स्टेनलेसचे आटे कोरडे फिरवले तर ते एकमेकांना चावून कायमचे जाम होतात, त्यामुळे वंगण लावणे भागच आहे आणि १५० हाच आकडा. मधल्या स्टडांपासून सुरुवात करून, डावा-उजवा आलटून-पालटून, तीन टप्प्यांत कसत बाहेरच्या टोकांकडे गेलो. सांध्याच्या सर्व बाजूंनी सीलंटची अखंड सर पिळून बाहेर आली पाहिजे. जिथे ती येत नाही तिथे पुढे पाणी शिरते.

शिशाच्या कीलविषयी थोडेसे. शिसे बिडापेक्षा दीडपटीहून जड आणि स्वतः न गंजणारे असल्यामुळे कील म्हणून ते श्रेष्ठ आहे. पण त्यात बोल्ट बहुधा खाली वाकवून ओततानाच पुरलेले असतात, त्यामुळे बाहेर काढून पाहता येत नाहीत. तिथे बोल्टच्या माथ्यावरून अल्ट्रासोनिक तपासणी करतात, त्यासाठी माथा सपाट घासलेला हवा. किंवा बाजूने शिसे कोरून खिडकी पाडतात आणि गरज पडल्यास शेजारी नवे बोल्ट बसवतात. लाकडी बोटींचे शास्त्र निराळे आहे आणि त्यात मी पडत नाही.

बोट ऑक्टोबरमध्ये पाण्यात उतरेल. उतरल्यावर आठवडाभराने, शिडकाठी आणि तिच्या तारा पूर्ण ताणलेल्या असताना, सर्व नटांचा ताण पुन्हा तपासायचा आहे, कारण फायबरग्लास तोवर थोडा बसलेला असेल. प्रत्येक नट आणि पट्टीवर मिळून रंगाची एक सरळ रेघ ओढली आहे. नट फिरला की रेघ तुटलेली दिसते आणि त्यासाठी पाना लागत नाही. बिल्ज कोरडा ठेवायचा, म्हणजे वरून येणारे पाणी स्टडाच्या मानेपर्यंत पोहोचत नाही आणि खालून आलेले लगेच लक्षात येते. दर दुसऱ्या पावसाळ्यात बोट बाहेर असताना एक स्टड काढून पाहायचा, दरवेळी वेगळा. पहिला नंबर पुढून दुसऱ्याचा लागेल, कारण जुना तिथलाच सर्वांत जास्त खाल्ला गेला होता.